कलम ५८ न वाचणारा वकील

कागद इंग्रजीत होता. चार पानं, वर ५०० रुपयांचा मुद्रांक, खाली नोटरीचा गोल शिक्का आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. तो घेऊन आलेली मुलगी बी.कॉम. झालेली, तीन बहिणींतली मधली. म्हणाली, "ताई, हे मी स्वतः बनवलंय. अब्बा सांगत गेले, मी फोनवर एआयला सांगत गेले. दहा मिनिटांत तयार झालं. यात चूक काय आहे तेवढं सांगा."

अब्बा रिक्षा चालवायचे. आयुष्यभराच्या कमाईतून दीड खोलीचं घर झालं होतं. मुलगा नाही. घर तिन्ही मुलींना मिळावं, एवढीच इच्छा. त्या चार पानांत ती इच्छा माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत लिहिलेली होती. सुरुवातच 'भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ५९ अन्वये' अशी. मुद्रांक लावलेला, ज्याची मृत्युपत्राला गरजच नसते. अब्बा वारले. चाळिसावं झाल्यावर गावाकडून चाचा आले आणि म्हणाले, माझा हिस्सा द्या.

कलम ५९ म्हणतं की सज्ञान आणि शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती आपल्या मालमत्तेचं मृत्युपत्र करू शकते. बरोबर आहे. पण त्याच्या एक पायरी आधी कलम ५८ आहे. ते म्हणतं की या भागातल्या तरतुदी मुसलमानाच्या मृत्युपत्राला लागू नाहीत. यंत्राने ५९ लिहिलं. ५८ बद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याने आपणहून सांगितलं नाही.

आपल्याकडे मृत्युपत्राला, म्हणजे वसियतीला, दोन कुंपणं आहेत. दफनाचा खर्च आणि कर्ज फिटल्यावर जे उरतं, त्याच्या एक तृतीयांशापुरतीच वसियत करता येते. आणि सुन्नी कायद्यात वारसाच्याच नावे केलेली वसियत, बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली नाही, तर टिकत नाही. हनफी हिशेबाने त्या घराचे २४ वाटे करा. मुलींना मिळून १६, आईला ३, आणि उरलेले ५ चाचांना. मुली वारस, चाचाही वारस. चाचांनी 'नाही' म्हटलं की चार पानांचं सुरेख इंग्रजी रद्दी.

अब्बा जिवंत असताना कोणी एक तास त्यांच्याशी बोललं असतं, तर दोन रस्ते होते. पहिला हिबा. देतो म्हणून जाहीर करणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी जिवंतपणी झाल्या की मुसलमानाने केलेली देणगी पूर्ण होते. ती तोंडीही चालते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १२९ ही सूट देतं, आणि कागद केला तरी केवळ नोंदणी नाही म्हणून हिबा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. दुसरा रस्ता विशेष विवाह अधिनियम, १९५४. आधी झालेल्या निकाहची या कायद्याखाली नोंद करता येते, आणि मग त्या जोडप्याच्या मालमत्तेचा वारसा उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे जातो. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर आणि त्यांची पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी, महिला दिनी, याच कायद्याखाली पुन्हा लग्न केलं. त्यांनाही तीनच मुली. कारण त्यांनी उघड सांगितलं: मुलींचा हक्क भावांकडे जाऊ नये.

कोणी म्हणेल, बापाचं घर मुलींना मिळायला अशी आडवाट का लागावी? प्रश्न रास्त आहे. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा व्हावा, ही आपली मागणी आहे आणि राहील. पण तो होईपर्यंत कागद आज जो कायदा आहे त्याच्यासमोर उभा राहायला हवा. त्या मुलीला माझं मत नको होतं, घर हवं होतं.

विरोध कशाला आहे

आधी एक स्पष्ट करते. एआय वापरू नका, असं सांगायला मी बसलेली नाही. असं सांगणारे दोन गट मला माहीत आहेत आणि दोघांचाही मला वीट आलाय. एक गट माझ्याच काळ्या कोटातला. त्यांना काळजी अशिलाची नाही, फीची आहे. मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलावर वीस वर्षं एकच छापील मसुदा नावं बदलून विकला गेला, नोटरीने तो न वाचता शिक्का मारला, तेव्हा यांना कायद्याचं गांभीर्य आठवलं नाही. दुसरा गट, 'दीनच्या बाबतीत मशिनला विचारू नका' म्हणणारे हजरत. यांच्या निकाहच्या रजिस्टरात मेहेरचा रकाना भरलेला असतो आणि अटींचा रकाना कायम कोरा असतो. कोरा का, हे त्यांनी कुठल्या मुलीला विचारलं नाही.

एखाद्या मुलीने रात्री बारा वाजता, दार लावून, फोनला विचारलं की 'नवऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा तलाक लिहून पाठवलाय, माझं लग्न तुटलं का?', तर तिने योग्य केलं. त्या वेळेला तिच्यासाठी कोणाचंही ऑफिस उघडं नसतं. तिला 'नाही, तुटलं नाही. २०१९ च्या कायद्याने असा तलाक बोललेला, लिहिलेला किंवा इलेक्ट्रॉनिक कसाही असो, तो रद्दबातल आहे', एवढं उत्तर मिळालं तर त्या यंत्राचे उपकार मानायला मी तयार आहे.

माझा विरोध पुढच्या पायरीला आहे. माहिती विचारणं एक आणि ज्यावर सही करायची तो कागद त्याच्याकडून लिहून घेणं दुसरं. माहिती चुकली तर पुन्हा विचारता येतं. सही चुकली तर कोर्टात जावं लागतं.

यंत्र कोणाचं लिहिलेलं वाचून शिकलं?

हे यंत्र शब्द कुठून आणतं? जगात आधी लिहिल्या गेलेल्या लाखो मजकुरांवरून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधून. मग ज्यांच्याबद्दल कमी लिहिलं गेलं, त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांचे कागद येतात. मराठी बोलणारा, भारतीय कायद्याखाली राहणारा, हनफी रिवाज पाळणारा मिरजेचा किंवा मालेगावचा मुसलमान हा त्या ढिगात चिमूटभर आहे. गेल्या दीड वर्षात आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या कागदांतले हे तीन नमुने बघा.

एका समझोत्याच्या कागदात लिहिलं होतं, 'पतीने पत्नीस हुंड्याची रक्कम रुपये ५१,००० अदा केली आहे.' मूळ इंग्रजी मसुद्यात 'डॉवर' होतं. मराठी करताना त्याचा हुंडा झाला. मेहेर हा बायकोचा हक्क, नवऱ्याने द्यायचा. हुंडा हा गुन्हा. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ ने व्याख्येतच मेहेरला हुंड्यातून वगळलंय. एका शब्दाने नवऱ्याच्या देण्याची दिशा फिरली, आणि दोन्ही घरच्यांनी सह्या केल्या, कारण 'कॉम्प्युटरने लिहिलंय'.

दुसऱ्या एका निकाहनाम्यात वधूच्या मामांच्या नावाआधी 'अ‍ॅडव्होकेट' लागलं. मामा फळांचा गाडा लावतात. निकाहमध्ये मुलीच्या वतीने जो वकील असतो, तो यंत्राने कोर्टातला केला. यावर आम्ही सगळे हसलो.

तिसऱ्यावर हसू आलं नाही. एका तरुणाने तलाकची नोटीस तयार करून आणली होती. तिची एक प्रत 'युनियन कौन्सिलच्या अध्यक्षांना' पाठवायची आणि ९० दिवसांनी तलाक लागू होईल, असं लिहिलेलं. ही १९६१ च्या पाकिस्तानी अध्यादेशातली पद्धत आहे, बांगलादेशातही तीच चालते. तो मुलगा मला विचारत होता, 'मॅडम, आपल्या नगरपरिषदेत युनियन कौन्सिल कुठल्या मजल्यावर?' आपल्याला उठसूट पाकिस्तानला जा म्हणणारे कमी आहेत का, की आता आपले कागदही आपण होऊन तिकडे निघाले?

हे फक्त देशाच्या सरहद्दीपुरतं नाही. सावंतवाडीचा मुसलमान आणि पेडण्याचा मुसलमान यांच्यामध्ये तासाभराचा प्रवास असेल. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासून सर्व धर्मीयांना एकच कुटुंब कायदा आहे आणि तिथे मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस होते. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. 'भारतीय मुस्लिमासाठी मृत्युपत्र बनवा' एवढ्या वाक्याला म्हणून एकच उत्तर नाही. वकील पहिला प्रश्न विचारतो, 'तुम्ही कुठले?' यंत्र तो विचारतंच असं नाही. कागद मात्र लगेच देतं.

न मागता सोडलेले हक्क

चुकीचा शब्द एक वेळ सापडतो. बरोबर दिसणारं वाक्य सापडत नाही, आणि मला त्याची भीती जास्त वाटते.

खुलानाम्याचा मसुदा मागा. माझ्यासमोर आलेल्या जवळपास प्रत्येक मसुद्यात एक परिच्छेद आपोआप येतो: पत्नी आपला मेहेर, इद्दतीचा खर्च, पोटगी आणि भविष्यातले सर्व दावे स्वेच्छेने सोडून देत आहे. कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. तिने फक्त एवढं लिहिलं होतं की 'मला खुला हवाय'. पण आजवर जे खुलानामे लिहिले गेले, ते कोणी लिहिले? नवऱ्याकडच्यांनी, जमातीच्या बैठकीत, बाई दाराआड उभी असताना. त्या कागदांची सवय यंत्राला लागली आणि आता ती तटस्थ कायदेशीर भाषा म्हणून परत येते. एका मसुद्यात तर मुलांच्या खर्चावरचा दावाही आईने सोडला होता. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क. तो आई कुठून सोडणार?

या हक्कांसाठी काय काय झालं ते तरुण मित्रमैत्रिणींना ठाऊक असायला हवं. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. १९८५ चा शाहबानो निकाल, मग १९८६ चा कायदा, मग त्या कायद्याचा अर्थ स्त्रीच्या बाजूने लावणारा २००१ चा दानियल लतीफी निकाल: इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तजवीज करायची. २०१७ ला शायरा बानो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते. नव्या संहितेत ते कलम १४४ झालंय. जवळजवळ साठ वर्षं लागली. आणि एका परिच्छेदात, गुळगुळीत भाषेत, दहा सेकंदांत ते सगळं 'स्वेच्छेने' सोडलं जातं.

पुरुषांनीही फार निर्धास्त राहू नये. 'तलाकनामा बनव, तीन वेळा तलाक लिही' असं सांगणाऱ्याला यंत्राने तसा कागद करून दिला, तर तो तलाक होत नाही. तो स्वतःच्या सहीने स्वतःविरुद्ध केलेला पुरावा होतो, २०१९ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा. तसं न लिहिता साधा तलाक दिला असं कागदावर म्हटलं, तरी काम संपत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबादला २००२ मध्येच दगडू पठाण खटल्यात सांगितलंय की 'मी तलाक दिला आहे' एवढं लिहून देणं पुरेसं नाही, तो रीतसर दिल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात तलाकला सबळ कारण आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांकडून समेटाचे प्रयत्न हवेत, असं म्हटलं. समेटाचा प्रयत्न माणसांनी बसून करायचा असतो. तो कागदावर टाईप करून होत नाही.

आणि एक कागद, जो आजच्या दिवसांत आपल्यापैकी कोणाच्याही दारावर चिकटू शकतो: महापालिकेची बांधकाम पाडण्याची नोटीस. एका मुलाने तिला उत्तर लिहून घेतलं. उत्तर फार नम्र होतं. पहिलंच वाक्य, 'आमच्याकडून झालेल्या अनधिकृत बांधकामाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' त्याच्या वाडवडिलांचं घर होतं ते, १९७० च्या आधीच्या पावत्या होत्या. यंत्राला नम्र राहायची सवय आहे. कायद्यात त्या नम्रतेला कबुली म्हणतात. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निदान १५ दिवसांची नोटीस आणि प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी बंधनकारक केली. ती संधी आपणच 'चूक झाली' म्हणून वाया घालवायची का? ते उत्तर द्यायच्या आधी त्याने मला दाखवलं, म्हणून वाचला.

चुकलं तर जबाबदार कोण?

वकील चुकला तर त्याचं नाव असतं, सनद असते, बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. वकीलही यंत्रावर विसंबून चुकतात, हे खरं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण आदेशात आधाराला घेतलेले निकाल कधी झालेच नव्हते. दोन्हीकडे चूक पकडली गेली, कारण समोर कोणीतरी ते निकाल शोधायला बसलं होतं. तुमच्या घरातल्या मृत्युपत्राला समोरचा वकील नसतो. ती चूक तुम्ही गेल्यावर पकडली जाते, आणि पकडणाऱ्याला ती हवीच असते.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. तुम्ही वकिलाला जे सांगता त्याला कायद्याचं कवच आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६, आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चं कलम १३२. तुमच्या परवानगीशिवाय तो ते उघड करू शकत नाही. फोनमधल्या खिडकीत तुम्ही जे टाईप करता, त्याला हे कवच नाही. आणि आपली मुलं काय काय टाकतात! आधार कार्डाचा फोटो, एफआयआरची प्रत, घरातलं भांडण, कोणत्या रात्री कोण कुठे होतं ते सगळं. वकिलासमोर आपण दहादा विचार करून बोलतो. इथे आपण कबुलीजबाब देतो आणि खाली लिहितो, 'प्लीज, याचा अर्ज बनव.'

सुप्याची आठवण

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मुख्यतः जाळले ते कागद: कर्जरोखे, वह्या, गहाणखतं. ज्या कागदावर आपण अंगठा दिला त्यात काय लिहिलंय, हे त्यांना वाचता येत नव्हतं आणि त्या न वाचलेल्या ओळींनी त्यांची जमीन नेली होती. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या अज्ञानावर जगणाऱ्या लेखणीवर कोरडे ओढले ते याच काळात. दंग्यानंतर १८७९ चा कायदा आला आणि त्यात शेतकऱ्याचे दस्त करून घ्यायला खेड्यासाठी निबंधक नेमायची सोय झाली. लिहिणारा आणि अंगठा देणारा यांच्यात ज्ञानाचं इतकं अंतर असू नये, हे इंग्रज सरकारलासुद्धा मान्य करावं लागलं.

आपण पदवीधर आहोत. तरी ज्या इंग्रजीवर आपण सही करतो, ती आपण खरंच वाचतो का? वाचली तर समजते का? न समजलेल्या कागदावरची सही आणि अंगठा यांत मला फरक दिसत नाही. पूर्वी कुळकर्णी कागद लिहायचा. त्याचं घर तरी माहीत होतं.

कागद करण्याआधीचं बोलणं

आता मुद्द्याच्या मुळाशी येते. करारनामा म्हणजे दोन माणसांनी आपसांत काय ठरवलं त्याची नोंद. आधी ठरतं, मग लिहिलं जातं. यंत्र हा क्रम उलटा करतं. आधी लिहून देतं आणि मग जे लिहिलंय तेच ठरलं असं आपण धरून चालतो.

निकाहनाम्याचंच घ्या. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. करार आहे तर अटी कुठे आहेत? मुलगी पुढे शिकेल, नोकरी करेल, नवरा दुसरा निकाह करणार नाही, केला तर तिला स्वतःवर तलाक घेण्याचा अधिकार असेल. याला तलाक-ए-तफवीज म्हणतात. शरियतमध्ये त्याला जागा आहे आणि भारतीय न्यायालयांनी असे करार मान्य केलेत. मेहेर किती, त्यातला आज किती आणि नंतर किती. हे प्रश्न दोन्ही घरच्यांसमोर मोठ्याने विचारायचे असतात. विचारले की कोणीतरी खाकरतं, कोणी म्हणतं 'शुभ वेळी तलाकची भाषा कशाला', मुलाची आई रुसते, मुलगा मुलीकडे बघतो. त्या पंधरा मिनिटांत मुलीला कळतं की ती कोणत्या घरात चालली आहे. तिच्या आयुष्यात तिच्या 'हो'ला इतकं वजन असण्याची तीच एक वेळ असते.

यंत्राने आठ छान कलमं टाकून निकाहनामा तयार केला, मुलाने पीडीएफ पाठवली, मुलीने अंगठ्याचं चित्र पाठवलं, झालं. कलमं चांगली असूनही मी म्हणेन की नुकसान झालं, कारण ती पंधरा मिनिटं गेली. ज्यावर घासाघीस झाली नाही ती अट पाळायची वेळ आली की नवरा म्हणतो, 'ते तर मशिनने टाकलं होतं, मी कुठं वाचलं?' आणि तो खरं बोलत असतो.

मग करायचं काय?

यंत्राकडून ही कामं खुशाल घ्या. कायद्यातला शब्द सोप्या मराठीत समजून घ्या. तुमच्या प्रकरणातल्या घटना तारीखवार लावून घ्या. वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी करून घ्या. यात ते तरबेज आहे. दुसऱ्याने तुमच्यासमोर ठेवलेला कागद त्यातली नावं, नंबर, पत्ते काढून टाका आणि विचारा, 'यात माझ्या विरुद्ध जाणारं काय आहे?' माहितीच्या अधिकारातला अर्ज, बँकेचं पत्र, रेशनकार्डाची तक्रार लिहून घ्या. या कागदांनी तुमचा हक्क मागितला जातो, जात नाही.

पण ज्याने हक्क जातो किंवा बदलतो, म्हणजे निकाहनामा, खुलानामा, तलाकची नोटीस, वसियत, हिबा, हक्कसोडपत्र, सरकारी नोटिशीला उत्तर, तो कागद माणसाने वाचल्याशिवाय सही करू नका. आधी मराठीत किंवा उर्दूत, तुमच्या शब्दांत, अर्ध्या पानावर लिहा की मला काय हवंय. मग मसुदा मोठ्याने वाचून घ्या, ज्याची सही आहे त्या प्रत्येकासमोर. ज्या वाक्यात 'सोडून देत आहे', 'कोणताही दावा राहणार नाही' किंवा 'दिलगीर' असेल, त्याखाली लाल रेघ मारा. कलमाचा आकडा दिसला की ते कलम, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, मूळ कायद्यात काढून वाचा. कायदे सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत.

'वकिलाला पैसे कुठून आणू' या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपल्या वस्त्यांत कोणी सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोन १५१००. तिथे खेटे घालावे लागतात, मान्य. पण आपण गेलोच नाही तर तिथल्या वकिलांना मेहेर आणि हुंडा यातला फरक शिकवणार कोण?

त्या मधल्या मुलीने जाताना मला विचारलं होतं, "ताई, मग मी कोणाला विचारायला हवं होतं?" मी पटकन म्हणून गेले, "मला." मग लक्षात आलं की तिला मी माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. तिच्या मोहल्ल्यात तीन मशिदी, दोन पतसंस्था, एक नगरसेवकाचं ऑफिस आहे. कागद वाचून सांगणारं एकही टेबल नाही. ती फोनकडे गेली कारण बाकी सगळी दारं बंद होती. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून कायदा शिकणाऱ्या, शिकलेल्या माझ्या दोस्तांना एवढंच मागते. महिन्यातला एक रविवार द्या. शाळेचा वर्ग, वाचनालय, कोणाच्या तरी घराचा ओटा चालेल. कागद लिहून देऊ नका, वाचून द्या. यंत्राने लिहिलेला असो, नोटरीच्या टेबलावरचा असो की काझींच्या रजिस्टरातला. आमच्या केंद्रात गेल्या महिन्यापासून आम्ही हे सुरू केलंय.

चाचांशी बोलणी चालू आहेत. ते काही वाईट माणूस नाहीत, त्यांचीही एक मुलगी लग्नाची आहे. परवा त्यांनी मला विचारलं, "बेटी, मग माझ्या घराचं काय करू? मलाही मुलगा नाही." मी त्यांना येत्या रविवारी कागद घेऊन बोलावलंय. सोबत भाभी आणि मुलीलाही आणा म्हणाले.